सुरतहून गावी परतलेल्या मुलांचा आठवी-नववीचा प्रवेश : दाखला हातात नसताना काय करावे?

तापीकाठ_शहादा

नमस्कार. आम्ही मूळचे शहादा तालुक्यातील, प्रकाशापासून जवळच असलेल्या एका खेड्यातील. माझे पती सोळा वर्षे सुरतेत लिंबायत भागात लूमवर कामाला होते. सासऱ्यांचे आजारपण वाढल्यामुळे एप्रिलअखेरीस आम्ही सामान आवरून कायमचे गावी आलो. मुलगी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवी उत्तीर्ण झाली आहे, तर मुलगा घराजवळच्या गुजराती माध्यमाच्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झाला आहे. दोघांनाही आमच्या गावापासून सहा किलोमीटरवरील अनुदानित माध्यमिक विद्यालयात घालावे, असे आमचे ठरले आहे.

गेल्या आठवड्यात मी दोघांची गुणपत्रके, आधार कार्डे आणि जन्मदाखले घेऊन त्या विद्यालयात गेले. कार्यालयातील लिपिकांनी कागद न उलगडताच सांगितले, की शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यावर सुरतच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही असल्याशिवाय अर्जसुद्धा घेता येणार नाही. गुजरातमधील शाळा उन्हाळी सुटीमुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंद आहेत, आणि तोपर्यंत येथील वर्ग भरतील, अशी मला भीती वाटते.

आणखी दोन शंका आहेत. मुलाच्या जुन्या बोनाफाइडवर वडिलांचे नाव 'रमेशभाई' असे आहे, आधारवर ते 'रमेश' आहे. आणि जातीच्या रकान्यात 'हिंदू पाटील' एवढेच लिहिले आहे. हे असेच राहू दिले तर पुढे अडचण येईल का? शिवाय मुलाला मराठी वाचता येते, पण लिहिण्याची सवय नाही, म्हणून त्याला पुन्हा आठवीत बसवावे, असे गावातील काही जण सुचवतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जनरल_रजिस्टर

ताई, धुळे जिल्ह्यातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षे लिपिक म्हणून काम केले आहे आणि दर जून महिन्यात सुरत, उधना, नवसारी येथून परतलेली पाच-दहा तरी मुले आमच्या खिडकीशी उभी असत. त्या अनुभवावरून लिहितो.

मुलीचा प्रश्न कायद्याने सुटलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या बालकालासुद्धा शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिलेला आहे, आणि दाखला सादर करण्यास उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. हा अधिनियम आठवीपर्यंत लागू असल्यामुळे मुलीचा आठवीचा प्रवेश त्यात पूर्णपणे बसतो. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), आणि प्रवेशासाठी देणगी मागणे किंवा मुलाची चाचणी घेणे याला कलम १३ ने मनाई आहे.

मुलाचा प्रवेश नववीचा असल्यामुळे तो त्या अधिनियमाच्या बाहेर जातो, आणि नेमक्या याच ठिकाणी पालकांना परत पाठवले जाते. मात्र शालेय शिक्षण विभागाने जून २०२१ मध्ये शासन निर्णय काढून, नववी आणि दहावीसाठीही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांनी केवळ दाखल्याअभावी विद्यार्थ्याला परत पाठवू नये, असे कळवलेले आहे. तो निर्णय छापून सोबत न्या.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. तोंडी विचारणा करू नका. मुख्याध्यापकांच्या नावे दोन्ही मुलांचे दोन स्वतंत्र अर्ज लिहा, त्यात 'दाखला प्राप्त होताच सादर करीन' असे हमीवाक्य घाला, सोबत गुणपत्रक, आधार आणि जन्मदाखल्याच्या प्रती जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. लेखी अर्ज आवकमध्ये नोंदवला गेला, की 'अर्ज घेता येत नाही' हे वाक्य कोणी सहसा पुन्हा उच्चारत नाही. तरीही पोच मिळाली नाही, तर मुलीसाठी पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि मुलासाठी जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे तोच अर्ज द्या.

प्रतिस्वाक्षरीबाबत लिपिक जे म्हणाले, ते अर्धे बरोबर आहे. परराज्यातील दाखल्यावर त्या राज्यातील संबंधित शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असावी लागते, आणि ती दाखल्याच्या खरेपणाची खात्री म्हणून घेतली जाते. ती नंतर आणता येते. तिच्यासाठी मुलांना घरी बसवण्याचे कारण नाही. सुरतेत ही सही कोणत्या कार्यालयात मिळते, हे तुमच्या दोन शाळांसाठी वेगळे असू शकेल, म्हणून दाखला हाती घेतानाच त्या-त्या मुख्याध्यापकांना विचारून घ्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.

तुमच्या दुसऱ्या शंकेवर मात्र मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दाखल्याचा उशीर महिन्या-दोन महिन्यांत संपतो, पण दाखल्यावरची चूक मुलाचा पिच्छा सोडत नाही. गुजरातमधील नोंदींत वडिलांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' सहज जोडले जाते. तिकडे ती आदराची रीत आहे. आपल्याकडे तोच दाखला पाहून लिपिक जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, जसेच्या तसे उतरवतो, कारण त्याला स्वतःच्या मनाने एक अक्षरही बदलण्याचा अधिकार नसतो. मग वडील 'रमेशभाई' होतात, दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच नाव छापले जाते, आणि पुढे कागद जुळवताना प्रत्येक कार्यालयात 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र मागितले जाते.

जातीची नोंद त्याहूनही गंभीर आहे. पाटील ही पदवी आहे, जात नाही. खानदेशात मराठा, कुणबी, लेवा, गुजर अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो, अनुसूचित जमातींसाठी १९५० पूर्वीचा. आणि जात पडताळणी समितीपुढे आजोबांच्या, वडिलांच्या व मुलाच्या नोंदी एका ओळीत मांडल्या जातात. त्या ओळीत एकच नोंद वेगळी निघाली, तरी खुलासे द्यावे लागतात. माझ्यासमोर एका वडिलांनी तीन पिढ्यांचे दाखले टेबलावर मांडले होते आणि त्यांपैकी फक्त मुलाचाच कागद वेगळे बोलत होता. त्या गृहस्थांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट ही आहे, की दाखले अजून निघालेले नाहीत. तेव्हा सुरतेला जाताना मुलांच्या वडिलांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि मुलांचे जन्मदाखले बरोबर न्या, तेथील मुख्याध्यापकांना दाखवा, आणि त्यांच्या रजिस्टरमधील नोंद नियमाने दुरुस्त करून मगच दाखला लिहून मागा. एकदा मूल शाळेतून बाहेर पडले, की अशी दुरुस्ती फार अवघड होते. दोन दिवस जास्त लागले तरी चालतील.

उधना_ते_अमळनेर

वरील सल्ला अगदी योग्य आहे, त्यात एक भर घालतो. कागदी दाखल्याइतकेच ऑनलाइन स्थलांतरही महत्त्वाचे आहे. यूडायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या देशभराच्या प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला 'पेन' नावाचा कायमचा क्रमांक असतो; जुन्या शाळेने मुलाला 'शाळा सोडली' असे दाखवले, की त्याची नोंद ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या ऑनलाइन यादीत, जाते आणि नवी शाळा पेन क्रमांक व जन्मतारीख टाकून ती आपल्याकडे ओढून घेते. माझ्या मुलीच्या वेळी सुरतच्या शाळेने दाखला तर दिला, पण ऑनलाइन नाव सोडले नाही, त्यामुळे ती दिवाळीपर्यंत आमच्या तालुक्यातील वर्गात बसत होती आणि संगणकावर मात्र सुरतेतच शिकत होती. तेव्हा दोन्ही मुलांचे पेन क्रमांक लिहून आणा, आणि नाव ड्रॉप बॉक्समध्ये गेल्याचे तेथेच पडद्यावर पाहूनच निघा.

जनरल_रजिस्टर

अगदी बरोबर, भाऊ. शिक्षकांची पदे पटावर मंजूर होतात आणि त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या पाहण्याची पद्धत आहे, म्हणून ज्या मुलाचे नाव प्रणालीत येत नाही, त्याला दाखल करून घेताना शाळा कचरतात. ही त्यांची खरी अडचण आहे, आणि पालकाने पेन क्रमांक पुढे केला, की ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे सुटते.

नववी_ब_वर्गशिक्षिका

मी चोपडा तालुक्यात नववी आणि दहावीला मराठी व गणित शिकवते. ताई, मुलाला कृपा करून पुन्हा आठवीत बसवू नका. जो आठवी उत्तीर्ण झाला आहे, त्याचे एक वर्ष केवळ लिपीच्या सवयीसाठी घालवणे योग्य नाही, आणि वर्गात वयाने मोठा दिसणारा मुलगा पुढे शाळाच सोडतो, हे मी पाहिले आहे.

मागील वर्षी गुजराती माध्यमातून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने पहिल्या दिवशी निबंधाची वही दिली, तेव्हा संपूर्ण पानावर एकाही शब्दाला शिरोरेषा नव्हती, आणि 'ख', 'ज', 'भ' ही अक्षरे गुजराती वळणाची होती. पण वाक्ये वाचली, तर मांडणी नीट होती, विचार स्वच्छ होता. मी त्याला फक्त एवढेच सांगितले, की रोज वर्तमानपत्रातील दहा ओळी दुरेघी वहीत उतरवायच्या आणि प्रत्येक शब्द पूर्ण झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ ओढायची. घरी अहिराणी बोलली जात असल्यामुळे मराठी त्याच्या कानाला परकी नव्हती, त्यामुळे सहामाहीपर्यंत त्याची वही इतरांसारखी झाली.

खरी तयारी गणिताची करावी लागते. आपल्याकडे नववीला गणित भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तके आहेत, एक बीजगणिताचे आणि दुसरे भूमितीचे. संकल्पना त्याला माहीत असतील, पण संज्ञा मराठीत नव्याने शिकाव्या लागतील. बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीची आणि नववीची पुस्तके विनामूल्य मिळतात. आठवीच्या गणिताच्या पुस्तकातील ठळक छापलेल्या संज्ञा त्याने आत्तापासून एका वहीत लिहून काढाव्यात आणि समोर गुजराती शब्द लिहावा. जूनपर्यंत एवढे झाले, तरी पुरेसे आहे.

एसटी_पास

प्रवासाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. ग्रामीण भागातील मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, आणि मुलाला विद्यार्थी मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत असते. दोन्हींसाठी शाळेचा शिक्का लागतो, म्हणून प्रवेशाची पोच मिळाली, की त्याच दिवशी पासाचे अर्जही भरून घ्या. आपल्या भागात मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, पण ती सोय पाच किलोमीटरच्या आतील मुलींसाठी आहे. तुमचे अंतर सहा असल्यामुळे मुलीला बसचाच आधार घ्यावा लागेल. सकाळची गाडी शाळेच्या वेळेला जुळते का, हे आगारात आधीच विचारून ठेवा.

तापीकाठ_शहादा

सर्वांची मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोन अर्ज लिहून नेले. मुख्याध्यापक स्वतः भेटले, त्यांनी कलम ५ ची प्रत वाचली आणि दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक घालून दिला. १६ जूनपासून मुले वर्गात बसू लागली आहेत.

शाळा उघडल्यावर माझे पती नंदुरबारहून रेल्वेने सुरतेला गेले. मुलीच्या शाळेने वडिलांचा दाखला पाहून 'भाई' काढला आणि जातीची नोंद दुरुस्त करून दिली. मुलाच्या शाळेत मात्र रजिस्टरमधील बदलासाठी वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागेल, तोपर्यंत हवा असल्यास आहे तसाच दाखला घेऊन जा, असे सांगण्यात आले. माझ्या पतींनी तो घेतला नाही, फक्त दुरुस्तीचा लेखी अर्ज देऊन पोच आणली आहे. हे योग्य झाले का?

जनरल_रजिस्टर

अगदी योग्य झाले, ताई. त्या पोचेची एक प्रत येथील मुख्याध्यापकांकडे द्या आणि दुरुस्त दाखला येईपर्यंत मुलाचा प्रवेश तात्पुरता नोंदवावा, अशी लेखी विनंती करा. जनरल रजिस्टरमधील जातीचा आणि वडिलांच्या नावाचा रकाना तोपर्यंत त्यांनी शाईने भरू नये, हेही त्याच अर्जात लिहा.

नववी_ब_वर्गशिक्षिका

आणि दुरेघी वही सुरू झाली का, तेही कळवा.

तापीकाठ_शहादा

हो, बाई. आज अकरावे पान आहे. रेघ तो सगळी ओळ लिहून झाल्यावर एकदम ओढतो, त्यामुळे दोन शब्द एकमेकांना चिकटतात. उद्यापासून प्रत्येक शब्दाची वेगळी ओढायला सांगते.