संगणकावर खेळायला अंधारे, रहस्यमय गेम सुचवा (दचकवणारे नकोत)

रातकिडा

नमस्कार मंडळी.

भांडी आवरून, उद्याच्या डब्याचं ठरवून घरातले झोपले की साडेदहा ते बारा एवढा वेळ माझा असतो. दोन वर्षं तो मालिका बघण्यात घालवला, आता त्याही नको झाल्यात. फार पूर्वी मित्राच्या खोलीवर 'लिंबो' खेळलो होतो. सगळ्या काळ्या-करड्या सावल्या, एक पोरगा बहिणीला शोधत निघालेला, अख्ख्या गेममध्ये कुणी एक शब्द बोलत नाही, आणि तो कोळी! तो कोळी मला अजून आठवतो. त्या जातीचं काहीतरी हवंय.

लॅपटॉप ऑफिसातून निवृत्त झालेला आहे. आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गोळीबार आणि धावपळ मला जमत नाही. आणि मुख्य म्हणजे कपाट उघडलं की भूत किंचाळत अंगावर येतं, तसलं काही नको. शेजारच्या खोलीत आई झोपते, मी ओरडलो तर ती उठेल. कुणी मारलं, का मारलं, या घराचं नेमकं काय बिनसलंय हे दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या आठवत राहावं, एवढीच अपेक्षा. इंग्रजी वाचायला हरकत नाही.

झोळीवाला

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. डोळे झाकून विकत घ्या.

१८०७ साल. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज अचानक इंग्लंडमधल्या फालमथ बंदराबाहेर येऊन उभं राहतं. आत जिवंत माणूस एकही नाही. तुम्ही कंपनीचे विम्याचे तपासनीस. हातात खलाशांची यादी, सगळ्यांची एकत्र काढलेली चित्रं आणि एक खिशातलं घड्याळ. हाडं दिसली की घड्याळ उघडायचं. आधी अंधारात काही सेकंद नुसते आवाज: पावलं, शिव्या, एखादी किंकाळी. मग मरणाचा तो क्षण पुतळ्यांसारखा थिजलेला दिसतो, आणि तुम्ही त्यात फिरत राहता. एकूण ६० माणसं. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कुणी केलं हे वहीत भरायचं.

खरी मजा अशी की तीन जणांचं बरोबर आल्याशिवाय गेम 'बरोबर' म्हणतच नाही. त्यामुळे ठोकून देता येत नाही. यादीत आपल्याकडचे खलाशीही आहेत, त्यांच्या नावापुढे 'इंडिया' लिहिलेलं दिसलं तेव्हा मी त्यांच्यामागे जरा जास्तच वेळ घालवला. मला कितीतरी वेळ एक माणूस सापडत नव्हता. शेवटी कळलं की त्याच्या झोपायच्या झोळीला नंबर आहे आणि तोच नंबर यादीत…

कुंदकळी

अहो झोळीवाले! स्पॉयलर! ते नंबरचं मी स्वतः शोधलं तेव्हा रात्री एक वाजता स्वयंपाकघरात जाऊन स्वतःला कॉफी करून दिली होती. तुम्ही एका ओळीत घालवलंत की हो.

बाकी सुचवणीला +१. एकच सांगते, चित्र फक्त दोन रंगांत आहे, सगळं ठिपक्याठिपक्यांचं, जुन्या मॅकिंटॉशवर असायचं तसं. मला पहिल्या दिवशी अर्ध्या तासात गरगरलं. सेटिंगमध्ये रंगांचे वेगवेगळे पर्याय आहेत, जुन्या मॉनिटरांच्या नावांचे. डोळ्यांना झेपेल तो लावा आणि खोलीतला दिवा चालू ठेवा.

झोळीवाला

माफी, माफी. आता संपादित करता येत नाहीये. रातकिडा, तुम्ही ते वाचलं नाही असं समजा.

जुनाट

आजकालच्या पोरांना सांगून पटत नाही, पण या प्रकारातला बाप १९९३ सालीच येऊन गेला. 'गॅब्रिएल नाइट: सिन्स ऑफ द फादर्स'. न्यू ऑर्लिन्स शहर, जुन्या पुस्तकांचं एक न चालणारं दुकान, त्याचा तितकाच न चालणारा लेखक-मालक, आणि शहरात व्हूडूच्या खुणा सोडून होणारे खून. दिवसागणिक गोष्ट पुढे सरकते आणि रोज रात्री नायकाला तेच ते स्वप्न पडतं. नायकाचा आवाज टिम करी यांचा, त्याच्या पोलीस मित्राचा मार्क हॅमिल यांचा. जेन जेन्सन या बाईंनी लिहिलेला. अभ्यास करून लिहिलंय हे संवादासंवादात जाणवतं. व्हूडू म्हणजे बाहुलीला सुया टोचणं नव्हे, त्यामागे एक धर्म आणि गुलामगिरीचा इतिहास आहे, हे मला आधी या गेमने शिकवलं, पुस्तकं नंतर आली.

२०१४ साली नव्या चित्रांत परत काढला. तो चकचकीत आहे, पण मला त्यात ती ओल आणि कुबट वास येत नाही. जुनाच घ्या. गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो आणि स्कमव्हीएमवर (जुने गेम नव्या संगणकावर चालवायचं सॉफ्टवेअर) मजेत चालतो. तुमच्या लॅपटॉपला तर घामही फुटणार नाही. दुसरा भागही बरा आहे. तिसऱ्यात मात्र मांजराचे केस चिकटवून खोटी मिशी करायचं ते कुप्रसिद्ध कोडं आहे. तिथे सरळ उत्तर बघा. ते स्वतःहून सुटणारं नाही, सुटलं तर काळजी वाटावी.

त्याच काळातला 'सॅनिटेरियम' (१९९८). गाडीचा अपघात होतो आणि डोक्याला पूर्ण बँडेज बांधलेल्या अवस्थेत माणूस वेड्यांच्या इस्पितळात जागा होतो. पुढच्याच टप्प्यात असं एक गाव येतं जिथे फक्त मुलं आहेत, मोठं माणूस कुणी नाही, आणि मुलांचे चेहरे… असो. चालवायला अवघड गेम आहे, माणूस बैलगाडीसारखा वळतो. तरी त्या गावासाठी खेळाच.

तिरळा_तिकोन

'अॅलन वेक २' कुणीच कसं सुचवलं नाही? लेखक, जंगल, खून, अंधार, सगळं एका ठिकाणी. २०२३ मधला माझ्या मते सर्वांत…

कुंदकळी

तिकोन, धागा वाचा की जरा. ग्राफिक्स कार्ड नाहीये त्यांच्याकडे. त्या लॅपटॉपवर अॅलन वेक २ म्हणजे सायकलच्या कॅरियरवर फ्रिज. शिवाय त्यात दचकवणंही आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तिरळा_तिकोन

घेतले. मग पहिला 'अॅलन वेक' तरी बघा, तो बराच जुना आहे. पण गोळीबार आहेच म्हणा. जाऊ दे.

रिकामजागा

माझं मत 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल'ला (२०२२). लाटवियातल्या दोन भावांनी केलाय. अठराव्या शतकातले खून, एका सोन्याच्या मूर्तीपायी झालेले. प्रत्येक प्रकरणात मरणाचा एक क्षण दिसतो. लोकांचे खिसे तपासायचे, पत्रं वाचायची, त्यातून शब्द गोळा करायचे आणि खाली छापलेल्या उताऱ्यात भरायचे. थोडक्यात 'रिकाम्या जागा भरा व विधाने पुन्हा लिहा'. शाळेत दोन मार्कांना असायचं ते, इथे एकेका जागेसाठी मी अर्धा अर्धा तास बसलेय.

चेहरे मुद्दाम कुरूप काढलेत, नाकं लांब, डोळे खोबणीतून बाहेर. पहिल्यांदा किळस येते, मग त्या चेहऱ्यांवरचा हावरटपणा बरोबर वाटायला लागतो. तुमच्या दीड तासाला हा फिट्ट आहे, कारण प्रकरणं सुटी सुटी आहेत. एक सोडवा, झोपा. (झोप लागत नाही, पण तो तुमचा प्रश्न.) याचा एक जोडभाग लंकेत घडतो, २०२३ साली आलेला.

स्वस्तात सुरुवात करायची असेल तर 'रस्टी लेक'वाल्यांचे 'क्यूब एस्केप' गेम फुकट आहेत. अॅमस्टरडॅमचे लोक आहेत. चित्रं मुलांच्या पुस्तकासारखी, आणि मग त्याच चित्रात एका माणसाच्या मानेवर घुबडाचं डोकं. आवडलं तर 'रस्टी लेक हॉटेल' घ्या. पाच प्राणी पाहुणे म्हणून येतात, आणि रोज रात्रीच्या जेवणाचं सामान कुठून येतं ते तुम्हालाच बघायचं असतं. आमच्याकडे चातुर्मासात खेळले, सासूबाई मागून बघत होत्या. पुढचं सांगत नाही.

तळमजला

मी जरा वेगळं सुचवतो. 'डिस्को एलिसियम' (२०१९). वसतिगृहामागच्या झाडाला एक मृतदेह आठवडाभर लटकतोय आणि ज्या पोलिसाने तपास करायचा तो आदल्या रात्री इतका प्यायलाय की त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. तुम्ही तो पोलीस. डोक्यातले विचार एकमेकांत भांडतात, तुम्हाला सल्ले देतात, बहुतेक वेळा चुकीचे.

माझी पहिली फेरी पाच मिनिटांत संपली. छताच्या पंख्याला माझा टाय अडकला होता, तो ओढून काढताना मला हार्ट अटॅक आला आणि मी मेलो. गेम ओव्हर. असा गेम मी जन्मात पाहिला नव्हता.

दोन सूचना. यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, म्हणजे वाचन फार. २०२१ साली आलेल्या आवृत्तीत सगळं बोलूनही दाखवतात, तीच घ्या. आणि तुमच्या लॅपटॉपवर चित्रांचा दर्जा खाली आणावा लागेल.

जुनाट

तो रहस्याचा गेम नाहीच मुळी. तीस तास खेळून खुनी कोण यात कुणाला रस उरतो? राजकारण आणि दारू, बस.

तळमजला

जुनाटकाका, तुम्हाला खुनी हवाय, मला त्या पोलिसाचं काय बिघडलं ते हवंय. तेही रहस्यच की. रातकिडांनी 'या घराचं नेमकं काय बिनसलंय' असं लिहिलंय, मी त्याला उत्तर दिलं.

मीनल_न्यूजर्सी

उशिरा आले. 'हर स्टोरी' (२०१५) राहिला का? सॅम बार्लो यांचा. चालायला कुठलाही डबडा संगणक पुरतो, कारण गेम म्हणजेच पोलीस ठाण्यातला एक जुना संगणक आहे. १९९४ साली एका बाईचे जबाब घेतले होते, नवरा बेपत्ता झाला म्हणून. त्या जबाबांचे तुकडे संगणकात पडलेत. तुम्ही शब्द टाकायचा, तो शब्द ज्या तुकड्यांत ती उच्चारते ते समोर येतात, पण बघता येतात फक्त पहिले पाच. पोलिसांचे प्रश्न ऐकूच येत नाहीत, फक्त तिची उत्तरं. उघडल्यावर शोधाच्या चौकटीत 'मर्डर' हा शब्द आधीच कुणीतरी टाकून ठेवलेला असतो.

आणि एक कळकळीची सूचना. अशा धाग्यांवर 'द कॅट लेडी' हमखास सुचवतात. गेम ताकदीचा आहे, पण सुरुवातच आत्महत्येपासून होते आणि पुढेही तो विषय सुटत नाही. मन थाऱ्यावर नसताना रात्री एकट्याने तो उघडू नका. मी चुकीच्या महिन्यात खेळले होते.

झोळीवाला

जाता जाता, स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि घेऊन १४ दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. लॅपटॉप जुना आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा. आणि घाई नसेल तर सेलची वाट बघा, यातले बहुतेक गेम तेव्हा वडापाव-चहाच्या हिशोबात येतात. म्हणजे चारजणांच्या वडापाव-चहाच्या.

रातकिडा

मंडळी, आभार. धाग्याची खूण साठवलीय. आठ दिवसांचा हिशोब देतो.

मीनलताईंचा 'हर स्टोरी' आधी घेतला, सगळ्यांत हलका म्हणून. पहिली दहा मिनिटं मी स्क्रीनवरची ट्यूबलाइटची रेघ पुसत होतो. मग लक्षात आलं, आमच्या खोलीत ट्यूबलाइट नाहीच, ती गेममधल्या काचेवर आहे. तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला.

दुसऱ्या रात्री आई पाणी प्यायला उठली आणि मागे उभी राहिली. तिला इंग्रजी जेमतेम. 'ही कोण बाई?' म्हणाली. मी सांगितलं. खुर्ची ओढून बसली. तिसऱ्या की चौथ्या तुकड्याला म्हणते, 'ही खोटं बोलतेय.' म्हटलं, तुला काय कळलं त्यातलं? 'बोलणं कशाला कळायला हवं? खरं बोलणारं माणूस हाताकडे बघत नाही.' मग ती चेहरा बघायची आणि मी शब्द टाकायचो. ज्या शब्दाने माझी गाडी पुढे गेली तो तिने मराठीत सुचवला, मी भाषांतर करून टाकला. तो इथे लिहीत नाही, नाहीतर कुंदकळी रागावतील. तीन रात्रींत गेम संपला आणि तिचं-माझं मत अजून जुळत नाहीये. ती म्हणते एक, मी म्हणतो दुसरंच.

'रस्टी लेक'चे दोन फुकटातले खेळलो. चांगले आहेत, पण कोडी कधीकधी उगाचच वाटली, दिसेल त्याला दिसेल ते लावून बघा अशी. 'डिस्को' उतरवून घेतला, पंखा फारच घरघरतो म्हणून तूर्त बाजूला ठेवला. (लॅपटॉपचा पंखा. टायवाला नव्हे. टायने मीही मेलो.)

सध्या 'ओब्रा डिन' चालू आहे.

झोळीवाला

वा! किती झाले?

रातकिडा

३३. झोळीवाले, तुमचं वाक्य विसरायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण झोळ्या दिसल्या की हात आपोआप तिकडेच जातो. आता एक बोर्डाची वही केलीय, उजव्या पानावर चेहरे, डाव्या पानावर कोण कुणाबरोबर दिसला ते. आईचं आता साडेदहालाच 'लावतोस ना रे?' असतं. तिला मरणाचे प्रसंग बघायचे नसतात, तेवढ्यापुरती ती तोंड फिरवते, आवाज मात्र ऐकते. सगळ्यांचं एकत्र चित्र आहे ना, ते ती चष्मा लावून बघत बसते, लग्नाच्या अल्बमात आपली माणसं शोधावीत तसं.

आत्ताच म्हणाली, 'तो टोपीवाला आणि त्याच्या शेजारचा, हे दोघं एकमेकांना खेटून का उभे आहेत? बाकी कुणी असं उभं नाही. एकाच गावचे असणार.'

थांबा, यादीत गावं बघून येतो.