मदत हवी आहे: मेटालिकाचा '७२ सीझन्स' ऐकायचा कसा?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न संगीताचा आहे आणि थोडा घरचाही. विभाग चुकला असेल तर हलवावा.

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा '७२ सीझन्स' हा अल्बम १४ एप्रिल २०२३ ला आला, त्याला महिना होऊन गेला. मी तो सहा वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकला. सहाही वेळा निम्म्यात कुठेतरी लक्ष उडालं. माझ्या मुलीला मात्र तो अतोनात आवडलाय. बारावीची परीक्षा झाली आहे, निकालाची वाट बघतेय, जूनमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. तिच्यासमोर मी त्या अल्बमला नको ते बोलून बसलो. तेव्हापासून ती माझ्याशी गाण्यांबद्दल एक अक्षर बोललेली नाही. बाकी सगळं बोलते, चहा विचारते, भाजी काय आणू विचारते. गाण्यांचं नाव काढत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे अडचण नीट कळेल. मी मूळचा मिरजेचा. १९९५ साली दहावीच्या सुट्टीत कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानातून मेटालिकाचा 'राइड द लायटनिंग' भरून घेतला. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. अल्बम सत्तेचाळीस मिनिटांहून थोडा जास्त. त्यामुळे शेवटचं 'द कॉल ऑफ क्टुलू' ऐन भरात असतानाच खटकन तुटायचं. कित्येक वर्षं मला ते गाणं तिथेच संपतं असं वाटत होतं. पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर सीडी घेतली, तेव्हा उरलेली दोनेक मिनिटं पहिल्यांदा कानावर पडली. त्या रात्री मी ती पुन्हा पुन्हा लावली होती. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका आली, तेव्हा मित्राबरोबर रात्रीच्या बसने गेलो. दोनच दिवस आधी गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता, त्यामुळे बसमध्ये बसेपर्यंत जिवात जीव नव्हता. त्यांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावतात ती मॉरिकोने या संगीतकाराची धून वाजली आणि मला रडू आलं. तिथे घेतलेला टी-शर्ट आता मुलगी घालते.

म्हणजे माझा या लोकांवर राग नाही, उलट जीव आहे. म्हणूनच त्रास होतोय.

नोव्हेंबरमध्ये या अल्बममधलं 'लक्स एटर्ना' आधी आलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. साडेतीन मिनिटांच्या आत गाणं खल्लास, थेट 'किल देम ऑल' या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या काळाची आठवण. वाटलं, सगळा अल्बम असाच असणार. प्रत्यक्षात १२ गाणी आणि ७७ मिनिटं निघाली. बरीचशी एकाच मध्यम लयीत चाललेली. एक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) येतो, चांगला असतो, पण तोच इतका फिरवतात की त्याची धार जाते. गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो, म्हणजे गाण्याच्या मधले एकट्या गिटारचे तुकडे, मला एकासारखे एक वाटतात, प्रत्येकात तो गिटारला 'वाव-वाव' करायला लावणारा वाह पेडल. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठच गाणी होती, ५५ मिनिटांत सगळं सांगून झालं होतं. तिथला एकेक सोलो तोंडपाठ आहे. इथला एकही आठवत नाही.

आता घरचं. परवा रात्री जेवणं झाल्यावर मुलीने ओट्याजवळच्या छोट्या स्पीकरवर 'इनामोराटा' लावलं. शेवटचं गाणं, अकरा मिनिटं दहा सेकंदांचं, मेटालिकाच्या स्वतःच्या गाण्यांत आजवरचं सगळ्यात लांब. मी भांडी विसळत होतो. चारेक मिनिटांनी मी विचारलं, "अजून किती आहे गं?" तिने "ऐका ना बाबा, पुढे येतंय" म्हटलं. आणि मी म्हणालो, "यांनी आता थांबायला हवं. सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही यांच्याकडे." तिने गाणं बंद केलं, फोन उचलला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रद्दी आवरताना तिची गणिताची कच्ची वही हाताला लागली. मागच्या पानावर इंटिग्रेशनच्या खाली लिहिलं होतं: १८ × ४ = ७२. त्याखाली १८ × ६ = १०८, आणि १०८ भोवती गोल. अल्बमच्या नावाचा अर्थ आयुष्याची पहिली अठरा वर्षं, वर्षाला चार ऋतू, हे मला माहीत होतं. आपल्याकडे ऋतू सहा, म्हणून आपले १०८, हे तिने मांडलं होतं. वही हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो.

तर मदत अशी हवी आहे. ज्यांना हा अल्बम मनापासून आवडला त्यांनी कृपया सांगावं की तुम्हाला त्यात नेमकं काय सापडलं, कुठून सुरुवात करू, कोणत्या गाण्यात कशाकडे कान देऊ. आवडल्याचं खोटं नाटक मला करायचं नाही, तिला ते लगेच कळेल. मला खरोखर ऐकायला शिकायचंय. दुसरं, मोबाईल आणि साधे इअरफोन एवढ्यावरच ऐकतोय. दोष त्यात असेल का?

जुनी कॅसेट:

दादा, तुमचं चुकलं कुठे? अल्बम लांबलाय हे माझंही मत आहे आणि मी यांना १९८८ च्या 'जस्टिस' अल्बमपासून ऐकतोय. २०१६ चा 'हार्डवायर्ड' अल्बमही ७७ मिनिटांचाच होता, तिथेही दुसरा भाग रेंगाळला होता. संपादन करणारं कोणी उरलेलं नाही.

तरी टाकून देऊ नका. मी आठ गाण्यांची यादी केली आहे, याच क्रमाने लावा: '७२ सीझन्स', 'शॅडोज फॉलो', 'यू मस्ट बर्न', 'लक्स एटर्ना', 'इफ डार्कनेस हॅड अ सन', 'टू फार गॉन', 'रूम ऑफ मिरर्स', 'इनामोराटा'. एकूण ५२ मिनिटं. 'मास्टर'पेक्षा कमीच. एवढाच अल्बम काढला असता तर मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो. 'रूम ऑफ मिरर्स'च्या शेवटाकडे दोन गिटारी जोडीने गातात, तिथे तरी तुमचं लक्ष उडणार नाही.

डबलबेस:

इअरफोनचं उत्तर देतो. दोष थोडा आहे, सगळा नाही. अल्बम बऱ्यापैकी मोठ्या आवाजात मास्टर केलाय, म्हणजे शेवटचा हात फिरवताना आवाज चढवून ठेवलाय. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'इतका वाईट नाही, तिथे आवाज अक्षरशः फाटला होता आणि गिटार हीरो या खेळातली आवृत्ती सीडीपेक्षा स्वच्छ निघाली होती. पण सलग ७७ मिनिटं दणका बसला की कान थकतात आणि सगळी गाणी एकसारखी वाटायला लागतात. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. एका बैठकीत चारच गाणी. जमलं तर कानावर बसणारे मोठे हेडफोन कोणाकडून तरी मागून आणा, नवे घेऊ नका.

आणि बास गिटार ऐका. 'जस्टिस'मध्ये तेव्हाचा बासवादक न्यूस्टेड, त्या बिचाऱ्याचा बास ऐकूच येत नाही, आपण सगळे त्यावर पस्तीस वर्षं हळहळतोय. इथे आताचा बासवादक ट्रुहियो स्पष्ट ऐकू येतो. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे'ची सुरुवात बास आणि ड्रमवरच आहे. 'यू मस्ट बर्न'मध्ये तो गायलाही आहे. 'इनामोराटा'त मधोमध सगळं ओसरतं आणि बास एकटा पुढे येतो. तुमची मुलगी "पुढे येतंय" म्हणाली ते बहुतेक हेच असावं. तुम्ही त्याच्या आधीच बोललात.

सोलोबद्दल तुमच्याशी निम्मा सहमत. कर्कने ते बेतून न ठेवता आयत्या वेळी सुचेल तसे वाजवलेत, तसं तो स्वतःच सांगतो. तोंडपाठ व्हावेत म्हणून ते केलेलेच नाहीत.

रात्रपाळी:

काका, मी तेवीस वर्षांची आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीला जास्त जवळची. तुमची पोस्ट दोनदा वाचली. लय, सोलो, लांबी, मास्टरिंग सगळं आहे. शब्दांबद्दल एकही ओळ नाही.

माझ्यासाठी हा अल्बम शब्दांचा आहे. मेटालिकाचा गायक हेटफील्ड तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. सोळाव्या वर्षी आई कॅन्सरने गेली, आणि धर्मश्रद्धेमुळे तिने उपचार घेतले नव्हते. २०१९ मध्ये तो पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात गेला, दौरे पुढे ढकलावे लागले. या अल्बममध्ये वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो विचारतोय की पहिल्या अठरा वर्षांत आपल्याला जे सांगितलं गेलं, त्यातलं आपलं किती आणि दुसऱ्यांनी लादलेलं किती. अठराव्या वर्षाच्या उंबऱ्यावर उभ्या मुलीला हे का भिडलं ते आता कळतंय ना?

एक गोष्ट काळजीने सांगते. 'स्क्रीमिंग सुइसाइड' हे गाणं आत्महत्येच्या विचाराबद्दल उघड बोलतं. तो शब्द लोक दाबून ठेवतात, म्हणून तो बोलायचा, हा त्यामागचा हेतू बँडने स्वतः सांगितला आहे. मुलीला ते आवडलं म्हणजे काही बिनसलंय असं समजून घाबरू नका. पण तिला ते गाणं कसं वाटलं हे शांतपणे विचारा, आणि ती बोलली तर मधे न बोलता ऐका. मी वॉर्डमध्ये काम करते. घरी कोणी विचारलंच नाही, असं मुलं मला फार वेळा सांगतात.

सतारीच्या गल्लीतून:

मीही मिरजेचाच, त्यामुळे राहवलं नाही. मला मेटलमधलं फार कळत नाही, मुलामुळे कानावर पडतं. तुमची पोस्ट वाचून 'इनामोराटा' लावलं. विलंबित ख्याल सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला "अजून किती?" असं आपण विचारतो का? तो रिफ पुन्हा पुन्हा येतो तेव्हा माझं लक्ष त्याच्या समेकडे गेलं. तिथे बसलं की अकरा मिनिटं जड जात नाहीत. मला तरी गेली नाहीत.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस मुद्दाम लिहिलं नाही, आधी करून बघायचं होतं.

रात्रपाळी, तुझा प्रतिसाद वाचून मान खाली गेली. शब्द मी वाचलेच नव्हते. छपाईच्या दुकानातून छापून आणले आणि रोज ऑफिसला जाताना बसमध्ये दोन-दोन गाणी वाचली. मग सरळ मुलीच्या खोलीत गेलो. परवा मी जे बोललो ते न ऐकताच बोललो होतो, असं सांगितलं. ती काही म्हणाली नाही, पण कॉटवर सरकून जागा केली. 'स्क्रीमिंग सुइसाइड'बद्दल तू सांगितलंस तसंच विचारलं. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं मागच्या वर्षी काय झालं होतं ते तिने सांगितलं. आम्हाला घरात त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तासभर बोलत होती, मी ऐकत होतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मग तीच म्हणाली, "बाबा, 'डायर्स ईव्ह'मध्ये आईवडिलांवर ओरडणारा मुलगा आणि हा माणूस एकच आहे ना?" १९८८ च्या 'जस्टिस'मधलं शेवटचं गाणं. मी ते हजार वेळा तरी ऐकलं असेल, आणि दरवेळी ड्रमर लार्सच्या पायांच्या वेगाकडेच माझं लक्ष असायचं. तेव्हा हेटफील्ड पंचवीस वर्षांचा होता. आता त्याला स्वतःला मुलं आहेत आणि तो त्याच जखमेकडे पुन्हा वळलाय, पण या खेपेला आवाजात नुसती चीड नाही. हे मला माझ्या मुलीने दाखवलं.

प्रामाणिकपणे सांगतो, अल्बम अजूनही मला लांबच वाटतो. जुनी कॅसेट यांची आठ गाण्यांची यादीच लावतो. मुलीला ती यादी अजिबात पटलेली नाही, 'चेसिंग लाइट' वगळलं म्हणून भांडली. पण 'इनामोराटा' आम्ही दिवे घालवून एकत्र ऐकलं. मधे सगळं थांबून बास सुरू झाला तेव्हा तिने नुसता माझ्या हाताला हात लावला. सतारीच्या गल्लीतून, सम सापडली बरं का.

आता आणखी एक मदत हवी आहे. 'क्टुलू' तुटायचं ते नेमकं कुठे, हे तिला ऐकायचंय. कॅसेट मिरजेच्या घरी माळ्यावर सापडली, वर माझं तेव्हाचं अक्षर आहे. टेपरेकॉर्डरही आहे, पण चालू केला की मोटर फिरते आणि कॅसेट फिरत नाही. आतला रबरी पट्टा गेलाय बहुतेक. मिरज, सांगली किंवा पुण्यात हे काम करणारं कोणी माहीत असेल तर कळवा. जूनच्या आत झालं तर फार बरं होईल.