चर्चा : जुन्या राउटरवर लिनक्स चढवून ते सार्वजनिक वाचनालयात वापरावे का?

विश्रामबागकर (सांगली) :

आमच्या भागातील एका लहान वाचनालयाचे कपाट आवरताना तीन जुने राउटर आणि हार्डडिस्क जोडून फायली वाटून देणारी एक नेटवर्क पेटी सापडली. चारही वस्तू भंगारात द्यायच्या ठरल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या. माझे मत असे आहे की अशा वस्तूंवर आधी लिनक्स (खुली संगणक-प्रणाली) चढवून पाहावे आणि ते शक्य नसेल तरच त्या भंगारात द्याव्यात. येथील जाणकार मंडळींचा याला विरोध असेल तर तो मला सविस्तर ऐकायचा आहे.

घरगुती राउटर हा मुळात एक लहान संगणकच असतो आणि बहुतेक राउटरांत कारखान्यातूनच लिनक्स आलेले असते. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आल्यावर, जीपीएल या, स्रोत म्हणजे मूळ कोड खुला ठेवायला लावणाऱ्या, परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला, आणि त्याच पायावर २००४ मध्ये राउटरसाठी लिनक्स बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे आपण राउटरवर लिनक्स ‘चढवतो’ असे म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात कंपनीने सांभाळणे सोडून दिलेले जुने लिनक्स काढून त्या जागी सांभाळले जाणारे लिनक्स बसवतो.

वाचनालयाच्या गरजा थोड्या आहेत. वाचकांसाठी कार्यालयापासून वेगळे वायफाय हवे आणि दुर्मीळ अंकांच्या स्कॅन केलेल्या फायली खोलीतल्या खोलीत वाचता याव्यात. या कामासाठी जुना डेस्कटॉप संगणक दिवसरात्र चालू ठेवला आणि तो ६० वॅट खात असेल, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज लागते. ५ वॅटचा राउटर तेवढ्याच काळात ४४ युनिटांवर भागवतो. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेसाठी हा फरक मोठा आहे.

यवतेश्वर (सातारा) :

विश्रामबागकर, आपला हेतू चांगला आहे, परंतु संस्थेच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही, आणि हे मी अनुभवावरून लिहीत आहे.

साताऱ्यातील एका शाळेत मी टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन या राउटरवर असाच प्रयोग केला होता. या एकाच नावाखाली कंपनीने अनेक आवृत्त्या विकल्या. आठव्या आणि नवव्या आवृत्तीत चिप वेगळी आहे. तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर कायम साठवणारी जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालू कामापुरती स्मृती) आहे, तर तिच्यानंतर आलेल्या चौदाव्या आवृत्तीत पुन्हा ४ एमबी आणि ३२ एमबीच आहे. मी खालच्या बाजूचे लेबल घाईने वाचले आणि दुसऱ्याच आवृत्तीची प्रतिमा, म्हणजे फ्लॅशवर लिहायची सॉफ्टवेअरची फाइल, टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) पाठवली. राउटर पुन्हा सुरू झाला नाही आणि शाळेचे कार्यालय दोन दिवस इंटरनेटशिवाय राहिले. ती चूक माझीच होती, पण तिचा त्रास शाळेला झाला.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत प्रतिमा १९.०७ या मालिकेनंतर मिळत नाहीत. त्यामुळे आज अशा राउटरवर जे लिनक्स बसेल तेही जुनेच असेल आणि त्यातील सुरक्षेची भोके कोणी बुजवणार नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्याचा पासवर्ड तसाच राहिल्यामुळे आणि टेलनेट (दुरून यंत्रात शिरण्याची जुनी सोय) उघडे असल्यामुळे. कंपनीचे जुने सॉफ्टवेअर आणि आपण बसवून विसरलेले सॉफ्टवेअर यांत हल्लेखोराच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

आपण दोन वर्षांनी नोकरीनिमित्त पुण्याला गेलात, तर वाचनालयाच्या ग्रंथपालांनी काय करायचे? घरी हवे तेवढे प्रयोग करावेत. संस्थेत करू नयेत.

विश्रामबागकर :

यवतेश्वर, चौदाव्या आवृत्तीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सापडलेल्या तीनपैकी एक राउटर ४ एमबीचाच निघाला आणि त्याला मी हात लावणार नाही. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम ही किमान मर्यादा मी धरली आहे, आणि १६ व १२८ असेल तरच निश्चिंतपणे वापरावे असे माझेही मत आहे.

परंतु आपला राउटर ‘गेला’ असे जे आपण धरले, तेथे माझा मतभेद आहे. फ्लॅशच्या सुरुवातीला बूटलोडर (वीज येताच सर्वांत आधी चालणारा लहान प्रोग्राम) असतो, बहुतेक वेळा यू-बूट. तो फ्लॅशमधून कर्नल (लिनक्सचा गाभा) उचलून रॅममध्ये ठेवतो. कर्नल पुढे केवळ वाचता येणारी स्क्वॉशएफएस ही मूळ फाइल-व्यवस्था जोडतो आणि आपण केलेले बदल तिच्यावर पसरलेल्या वेगळ्या थरात राहतात. चुकीची प्रतिमा गेली तर कर्नल आणि त्यापुढचे बिघडते, बूटलोडर बहुधा शाबूत राहतो. टीपी-लिंकच्या अनेक राउटरांत रिसेट दाबून धरून वीज दिली, की बूटलोडर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. आपल्या संगणकाला तो पत्ता देऊन टीएफटीपी सर्व्हर चालू ठेवला, तर राउटर स्वतःच पूर्ववत होतो.

तेही जमले नाही तर सिरियल कन्सोल (राउटरला तारांनी संगणक जोडून त्याचे संदेश वाचण्याची व त्याला आज्ञा देण्याची सोय) उरतो, आणि मला या चर्चेत सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते याविषयीच. आपल्याकडे लोक सिरियल जोडणीकडे शेवटचा उपाय म्हणून पाहतात. माझ्या मते ती पहिली पायरी असली पाहिजे. राउटरच्या आतील सर्किटच्या पट्टीवर बहुधा चार छिद्रे एका ओळीत असतात. मल्टिमीटरने ग्राउंड शोधावे, वीज दिल्यावर ज्या छिद्रावरचा व्होल्टेज सुरुवातीचे काही सेकंद हलत राहतो ते टीएक्स (संदेश पाठवणारे) समजावे, आणि ३.३ व्होल्टचाच यूएसबी-सिरियल अडॅप्टर वापरावा, कारण ५ व्होल्टने चिप जळू शकते. राउटरचे टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला (संदेश घेणाऱ्या टोकाला) आणि आरएक्स टीएक्सला जोडावे, ग्राउंडला ग्राउंड जोडावे, आणि वीजपुरवठ्याची चौथी तार जोडूच नये. वेग सहसा सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवावा लागतो. पडद्यावर बूटलोडरच्या ओळी धावू लागल्या, की तो पेटी उघडून आपल्याशी बोलतो आहे असे वाटते. टीपी-लिंकच्या काही जुन्या राउटरांत सुरुवातीच्या एका सेकंदात टी, पी, एल ही तीन अक्षरे टाइप केली तरच तो आज्ञेसाठी थांबतो.

एकदा तो थांबला, की फ्लॅशला हात न लावता प्रतिमा टीएफटीपीने थेट रॅममध्ये उतरवून तेथूनच चालवता येते. वायफाय दिसते का, सगळे पोर्ट चालतात का, हे तपासून मगच ती फ्लॅशवर लिहावी. काही बिनसले तर वीज काढून पुन्हा दिल्यावर राउटर जुन्याच सॉफ्टवेअरवर उभा राहतो. याआधी फ्लॅशच्या सर्व विभागांची प्रत संगणकावर काढून ठेवावी. विशेषतः अ‍ॅथेरॉस चिपच्या राउटरांत एआरटी नावाचा लहानसा विभाग असतो. त्यात त्या एका नगाच्या रेडिओचे मोजमाप असते आणि ते पुसले गेले तर दुसऱ्या राउटरचे आणून चालत नाही. शाळेत हा क्रम पाळला असता, तर कार्यालयाचे इंटरनेट एक तासही बंद राहिले नसते असे मला वाटते.

माणदेशी (आटपाडी) :

मी विश्रामबागकरांच्या बाजूने आहे, पण त्यांनी विजेचा विचार केलेला दिसत नाही. आमच्याकडे लाइट न सांगता जाते आणि दिवसातून दोनतीनदाही जाते. अशा ठिकाणी यंत्र एकदा सुरू होणे पुरेसे नसते, ते कोणाच्याही मदतीशिवाय प्रत्येक वेळी सुरू झाले पाहिजे.

माझ्याकडे किर्कवुड चिपची, १२८ एमबी रॅमची जुनी नेटवर्क पेटी आहे. तिच्यावर मी यूएसबी हार्डडिस्कवरून डेबियन हे लिनक्स चालवतो. सुरुवातीला लाइट आली की दहापैकी चार वेळा पेटी उभीच राहत नसे. सिरियल जोडल्यावर कारण कळले. हार्डडिस्क फिरू लागायला काही सेकंद लागत होते आणि तोपर्यंत कर्नल मूळ विभाग सापडत नाही म्हणून थांबत होता. बूटलोडरच्या कर्नलला द्यायच्या ओळीत रूटडिले (डिस्कची वाट पाहण्याचा वेळ) १० सेकंद लिहिल्यावर तो प्रश्न मिटला. पुढे कोणी दुसरा पेनड्राइव्ह लावला की डिस्कचे नाव बदलत असे आणि पुन्हा तेच होत असे, म्हणून विभागाला लेबल देऊन त्या लेबलानेच तो शोधायला सांगितला. जुन्या यू-बूटला एक्स्ट४ ही फाइल-व्यवस्था वाचता येत नव्हती, त्यामुळे कर्नलसाठी एक्स्ट२ या जुन्या व्यवस्थेचा लहान वेगळा विभाग करावा लागला. या तीन गोष्टींवर माझे तीन रविवार गेले, आणि त्यांची दखल मी घेतलेल्या मार्गदर्शनात कोठेही नव्हती.

अचानक लाइट जाण्याने पेनड्राइव्हवरची फाइल-व्यवस्था बिघडते. राउटरमधील स्क्वॉशएफएसवर कोणी लिहीतच नसल्यामुळे ती टिकून राहते. म्हणून वायफायसाठी ओपनडब्ल्यूआरटी आणि फायलींसाठीच डेबियन, असे काम वाटून द्यावे. बॅटरीबाबतही सावध करतो. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात म्हणून लोक ते थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडतात, पण चार्जिंग चालू असताना त्या बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दाब चढतो. मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारे लहान सर्किट घालावे.

यवतेश्वर, आयुष्य संपत आल्याचा आपला मुद्दा माझ्या पेटीलाही लागू होतो, हे मी मान्य करतो. तिची चिप डेबियनच्या ज्या आर्मेल शाखेत बसते, त्या शाखेसाठी डेबियन १३ ही शेवटची आवृत्ती आहे.

कुपवाडकर (सांगली) :

मी व्यवसायाने नेटवर्कची कामे करतो, म्हणून थोडक्यात लिहितो. या जुन्या राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. आता शहरात फायबर त्याहून वेगवान आहे. ब्रॉडकॉमची चिप असेल तर खुल्या ड्रायव्हरवर वायफाय नीट चालण्याची आशा धरू नये. फायबर कंपनीने बसवलेले ओएनटी यंत्र (फायबरची तार ज्यात येऊन टेकते ते) कंपनीच्या मालकीचे असते, त्यावर असा प्रयोग मुळीच करू नये. आणि भंगारवाल्याकडे देण्याला पर्याय म्हणजे केवळ पुनर्वापर नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारे आहेत, त्यांच्याकडे वस्तू पोहोचवता येतात. नवा, पाठिंबा असलेला राउटर घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी बसवले, तर तुमचे रविवारही वाचतील.

यवतेश्वर :

रॅममध्ये आधी चालवून पाहण्याची पद्धत मला तेव्हा माहीत असती तर शाळेत ती वेळ आली नसती, हे मी मोकळेपणाने लिहितो. येत्या सुट्टीत तोच राउटर उघडून सिरियल जोडणार आहे. बूटलोडर जिवंत असेल अशी आशा आता वाटते.

तरीही संस्थेविषयीचे माझे मत बदललेले नाही. विश्रामबागकर, आपण वर्णन केलेल्या गोष्टी आपल्याला येतात, ग्रंथपालांना येत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा आहे की इंटरनेटला थेट टेकणारे यंत्र जुने असू नये. ते नवे आणि अद्ययावत होणारेच असावे. त्याच्या आत, केवळ खोलीतल्या वाचकांना फायली देणारी पेटी जुनी असायला माझी हरकत नाही, कारण तेथे चूक झाली तर फार तर एक दिवस अंक वाचता येणार नाहीत. आणि पेटीच्या झाकणावर कोणती आवृत्ती केव्हा बसवली, पुढची कधी तपासायची आणि कोणाला विचारायचे हे कागदावर लिहून चिकटवलेले असावे.

विश्रामबागकर :

आपल्या सूचनेवरून मी रचना बदलली आहे. दाराशी, म्हणजे फायबरच्या बाजूला, वाचनालयाचा सध्याचा नवा राउटरच राहील. ८ एमबीच्या दोन राउटरांपैकी एकावर ओपनडब्ल्यूआरटी रॅममधून चालवून पाहिले, वायफाय व्यवस्थित दिसले, म्हणून फ्लॅशवर लिहिले. आता तो यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून केवळ वाचनकक्षाचे वायफाय पुरवतो. दुसऱ्याची चिप ब्रॉडकॉमची निघाली, त्यामुळे तो आणि ४ एमबीचा असे दोन्ही पुनर्चक्रणासाठी बाजूला ठेवले आहेत. येथे कुपवाडकरांचे म्हणणे खरे ठरले.

मात्र एका बाबतीत मी आपल्याशी असहमतच राहतो. ग्रंथपालांना हे येणार नाही असे आपण गृहीत धरले. मी त्यांना सिरियलची तार जोडून बूटच्या ओळी दाखवल्या आणि कर्नल कोठे सुरू होतो, डिस्क कोठे सापडते हे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वहीत तो क्रम मराठीत उतरवून काढला. झाकणावरचा कागद त्यांच्याच अक्षरात आहे. माणदेशी, नेटवर्क पेटीवर डेबियन चढवणे बाकी आहे. ते काम पुढच्या रविवारी ग्रंथपालांच्या हातून करायचे ठरले आहे, तेव्हा आपल्या पेटीची बूटलोडरची संपूर्ण ओळ येथे लिहिलीत तर त्यांना वहीत घेता येईल.