वेस्टाच दिसला का? खात्री करायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला गच्चीवरून १०×५०च्या दुर्बिणीने वेस्टा लघुग्रह शोधतेय. २ मे २०२५ला तो प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला आहे; प्रत (तेजाचा आकडा, जितका कमी तितकं तेज जास्त) साधारण ५.७. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी आशाच नाही.

२८ एप्रिलला रात्री साडेनऊला तूळ राशीतल्या त्या भागाचं चित्र वहीत काढलं, टॉर्चला लाल जिलेटिन लावून. दुसऱ्या दिवशी गच्चीची किल्ली मिळाली नाही. काल, अक्षय्य तृतीयेला, त्याच वेळी पुन्हा काढलं. २८ला दोन मंद ताऱ्यांच्या बरोबर मधे असलेला ठिपका आता वरच्या ताऱ्याला जवळजवळ टेकलाय! बाकी सगळे जागच्या जागी. पण ग्रह तर ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतात ना? मग हा पूर्व क्षितिजाकडे खाली जायला हवा होता. माझं चित्र चुकलं का?

विचारण्याचं कारण आई. तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला, मंगळ-गुरूच्या मधला लघुग्रहांचा पट्टा दरवर्षी फळ्यावर काढला, पण प्रत्यक्षात एकही लघुग्रह पाहिलेला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला चार जिने चढवायचे, तर दाखवीन तो वेस्टाच हवा. तिला दुर्बीण स्थिर कशी धरून देऊ?

प्रतिसाद

ताई, चित्र चुकलेलं नाही. प्रतियुतीच्या सुमारास पृथ्वी वेस्टाला आतून मागे टाकते, त्यामुळे तो वक्री, म्हणजे पश्चिमेकडे सरकताना दिसतो. आणि पूर्वेच्या आकाशात पश्चिम म्हणजे वरची बाजू! वेग दिवसाला चंद्रबिंबाच्या अर्ध्या व्यासाइतका, म्हणजे दोन दिवसांत साधारण एक चंद्रबिंब. तुमच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर त्याच्या दुप्पट भरतंय का बघा. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोन्ही तारखा-वेळा टाकून चित्रं ताडून पाहा, आणि आज तिसरं काढाच.

आईंना हाताच्या खुर्चीत बसवा. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा समोर उभा धरा, त्याच्या टोकावर दुर्बीण टेकवा. थरथर पुष्कळ कमी होते. दहाच्या सुमारास तो बराच वर आलेला असेल. ठिपकाच दिसेल हे आधी सांगा, पण तो ठिपका सव्वापाचशे किलोमीटर रुंद आहे आणि २०११-१२मध्ये नासाचं डॉन यान त्याच्याभोवती फिरत होतं, हेही सांगा.

घाई करा, चंद्र वाढतोय. बुद्धपौर्णिमा १२ला. ४-५ तारखेपर्यंत जमलं नाही तर मग थेट १६नंतर, तेव्हा चंद्र उशिरा उगवेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! अंतर मोजलं, जुळतंय. आज रात्री तिसरं चित्र. शनिवारी भाऊ येतोय, आईला आम्ही दोघं मिळून वर नेतो.