आयसोलेट कॅमेऱ्याच्या भात्यातून (लेन्समागच्या घड्यांच्या पिशवीतून) उजेड येतोय, घरी दुरुस्त हुईल काय?

शहापूरकर१२०:
आजोबांचा आग्फा आयसोलेट, घडीचा जुना फिल्म कॅमेरा, माळ्यावर सापडला. हौसेनं १२० साइजच्या फिल्मचा नवा रोल घातला तर बारातल्या आठ फोटोवर पांढरे ढग. लॅबवाला म्हणतोय फिल्म जुनी असणार, अहो पण तारीख बघूनच घेतलेली की. वर फोकसची रिंग दगडासारखी बसलीय. पुण्या-मुंबईला पाठवायला जीव होईना, घरी कुणी केलंय काय?

खानापूरचा_पाऊस:
फिल्मला कशाला बोल लावताय, आयसोलेटचा भाताच नाजूक. रात्री खोलीत मिट्ट अंधार करा, मागचं झाकण उघडून आत बारकी टॉर्च धरा आणि भाता हळूहळू वाकवत बाहेरनं बघा, घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसतील. तिथं काळा फॅब्रिक कलर, त्यात थेंबभर फेविकॉल, बारीक ब्रशनं पातळ दोन-तीन हात. आणि पूर्ण वाळेपर्यंत भाता उघडाच ठेवा, मी घाईनं मिटला आणि घड्या एकमेकाला चिकटल्या, सोडवताना आणि चार भोकं पडली 😅 इन्सुलेशन टेप लावू नका, जाड होतो, कॅमेरा मिटत न्हाई.

निपाणीवाला:
रिंगला शिवणमशीनचं तेल सोडा, सुटतीय.

वडगाव_टेरेस:
निपाणीवाले दादा, नको हो! मी तेच केलेलं, तेल पसरून शटरच्या पात्यांवर गेलं आणि शटर उघडं ते उघडंच. आतलं हिरवं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतंय. लायटरचं पेट्रोल काडीनं थेंब थेंब, मग हेअर ड्रायरची ऊब, रात्रभर ठेवायचं, परत तेच. जोर लावला तर पुढची काच आणि मधली काच मिळूनच फिरतात, रिंग सुटली असं वाटतंय पण फोकस सगळा गंडतो. म्हणून नंतर तपासाच. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबून धरलं की उघडं राहतंय ती खूण) धरून ठेवा, रिंग अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर. मी टेरेसवरनं येळ्ळूरचा राजहंसगड धरतो, तटाची कड स्वच्छ उमटली की बसलं.

शहापूरकर१२०:
टॉर्च लावून बघितलं, सात चांदण्या! रंग उद्या आणतो. कॅमेरा ठेवू कुठं, चामड्याच्या कव्हरात?

खानापूरचा_पाऊस:
कव्हरात अजिबात नको, चामडं ओल धरतंय आणि लेन्सला बुरशी. आमच्याकडं पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तिथं लेन्स काय घेऊन बसलाय. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, ओल शोषणाऱ्या पुड्या.