घरात बसून लागलेल्या सवयी: टिकवायच्या की सोडायच्या?

टिळकवाडीकर
२५ मार्च २०२० ला कोरोनामुळं सगळं बंद झालं आणि बेळगावात आमच्या घरात पाच माणसं तिन्ही त्रिकाळ जेवायला बसू लागली. ओला कचरा दुप्पट झाला, घंटागाडीचा भरवसा नव्हता. परड्यात खानापूरच्या कुंभारानं घडवलेले दोन जुने माठ पडून होते. बुडाला भोकं पाडली आणि भाजीची देठं, चहाचा चोथा, आंब्याच्या साली त्यातच टाकायला लागलो. पंधरा दिवसांत असा वास सुटला की आई म्हणाली, टाकून दे ते. झाकण काढलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

शेजारच्या आजी कट्ट्यावरनं म्हणाल्या, "नुसतं ओलंच कोंबलंस तर ते कुजत नाही रे, सडतं. पाला घाल की." कुजणं आणि सडणं यातला फरक मला त्या दिवशी कळला. एक ओंजळ ओलं, त्यावर दोन ओंजळी वाळका पाला, अधनंमधनं काठीनं हलवायचं, म्हणजे आत हवा खेळते. आठवडाभरात वास गेला. तीन महिन्यांनी तळाशी काळं, भुसभुशीत खत हाताला लागलं. वळवाच्या पहिल्या सरीनंतर शिवारात येतो तसा त्याला वास होता.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शहराचा कचरा तुरमुरी गावाला जातो. ओलं आणि सुकं एकत्र गेलं तर ते तिथं हवा न लागता सडतं, त्यातनं मिथेन निघतो आणि ढिगांना आगी लागतात. आपल्या ताटातलं उष्टं दुसऱ्या गावाच्या दारात का टाकायचं? ज्यांनी तेव्हा घरी खत केलं, कापडी पिशवी धरली, त्यांनी ते पुढंही चालू ठेवलंच पाहिजे.

वडगावची सून
भाऊ, राग मानू नका, पण तुमच्या लिहिण्यात "पाडली", "टाकायला लागलो" असं आहे, रोजचं कोण करतं ते नाही. आमच्यात यंत्रमाग बंद पडले तेव्हा मी सकाळी उठून सहा माणसांचा स्वयंपाक, मग धुणं, भांडी. त्यात कुणीतरी मोबाइलवर बघून सांगायचं, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला, प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळवा, तीन बादल्या वेगळ्या करा. सांगणारे सगळे, करणारी मी एकटी. नळाला पाणी यायच्या दिवशी हंडे भरता भरता पाठ मोडते, आणि पिशव्या धुवायला तेच पाणी. माग सुरू झाले, मी परत मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसले आणि त्या सगळ्या सवयी सुटल्या. सुटल्या म्हणून मला वाईट वाटत नाही. आमचं घर अडीच खोल्यांचं, परडं नाही, पाला कुठनं आणू?

निपाणीकर
ताईंशी सहमत, आणि माझा आक्षेप त्याहून पुढचा आहे. माठात देठं टाकून शहर स्वच्छ होत नसतं. एका मंगल कार्यालयातनं एका लग्नात जेवढं अन्न बाहेर पडतं, तेवढं तुमच्या माठात वर्षभरात मावणार नाही. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी तो वेगळा करून, ओला शक्य तिथं जागेवरच जिरवावा, हे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं. तिकडं कुणी बोट दाखवत नाही, घरच्या बाईला मात्र तीन बादल्या.

प्लास्टिकच्या पिशव्यांचंही तसंच. कर्नाटकात मार्च २०१६ पासून बंदी, पलीकडं महाराष्ट्रात २०१८ पासून, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर. तरी निपाणीच्या बाजारात घ्या की पलीकडच्या कागलच्या, भाजी पातळ पिशवीतच मिळते. पिशवी बनते तिथं थांबवा, मग माझ्या सवयीबद्दल बोला.

टिळकवाडीकर
@वडगावची सून, तुमचं बरोबर आहे. आमच्यातही पाला आईच गोळा करायची, मी फक्त काठी फिरवायचो, आणि ते मी लिहिलं नाही. आता झाडलोट आणि माठ दोन्ही माझ्याकडं घेतो.

@निपाणीकर, कार्यालयांवर कारवाई व्हावी, मीही मागणी करेन. पण ती होईपर्यंत मी माझी बादली गाडीत ओतत राहायची, हे पटत नाही. आणि जो स्वतःच्या घरात वेगळं करतो, तोच दुसऱ्याच्या मांडवात जाऊन जाब विचारू शकतो.

येळ्ळूरचा शेतकरी
माझा मुद्दा थोडा वेगळा. त्या एप्रिलमध्ये बाजार बंद, कोगनोळी आणि शिनोळीला सीमेवरचे नाके बंद, माल पलीकडं महाराष्ट्रात जाईना. माझ्या भावानं उभा कोबी नांगरून टाकला. मी मात्र भाजी हातगाड्यावर घालून शहरातल्या अनगोळात गल्लोगल्ली फिरलो. लोक पिशव्या, टोपल्या घेऊन दारात यायचे, ना पॅकिंग ना प्लास्टिक. वांगं सकाळचं तोडलेलं असायचं, हे त्यांना दिसायचं. दुकानं उघडली आणि त्यातलं एकही गिऱ्हाईक राहिलं नाही. ही सवय टिकायला पाहिजे होती, त्यात कुणाच्या पाठीवर ओझं नव्हतं.

खताबद्दल एवढंच सांगतो. शहरातनं आलेलं खत एकदा भाताच्या वाफ्यात टाकलं. चिखलणी करताना पायाला शाम्पूच्या पुड्या आणि ब्लेडचा तुकडा लागला. दोन दिवस लंगडत होतो. वेगळं करता येत नसेल तर खत करू नका, पण आमच्या रानात हे पाठवू नका.

निपाणीकर
काका, ब्लेडचं वाचून वाईट वाटलं. घरात वेगळं करायला माझा विरोध नाही. सगळा भार त्याच्यावरच टाकायला विरोध आहे.

वडगावची सून
काकांचा हातगाडा आमच्या गल्लीत आला तर पिशवी घेऊन मी पहिली उभी राहीन. त्याला पाणी लागत नाही, वेळ लागत नाही. खताचं मात्र एकेका घरावर टाकू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे. तिथं एकच मोठा खड्डा करा, पाल्याची व्यवस्था करा आणि हलवायची पाळी पुरुषांची लावा. मग ओली बादली रोज सकाळी मी स्वतः तिथं आणून ओतते, ब्लेड काय, दुधाच्या पिशवीचा कोपराही त्यात सापडणार नाही.