काचेच्या पाटीवरची सोनेरी अक्षरं उडतायत, दुरुस्ती होते का?

मुगभाटची_मुक्ता
आजोबांचा गिरगावात दवाखाना होता. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा दारावरची काचेची पाटी सोडवून आणली. काळ्या कडेची सोनेरी अक्षरं, काचेच्या मागच्या बाजूने काढलेली. 'डॉ.' जवळजवळ गेलाय आणि 'सायं. ५ ते ८'चे पोपडे लोंबतायत. फ्रेमवाला म्हणतो, सगळं खरवडून सोनेरी व्हायनल लावतो, तासाभराचं काम. बाबा तयार आहेत, मी नाही. मागून कॉलिन मारून पुसून बघू का आधी?

ठाणे_फास्ट
मिठाईवरचा वर्ख चिकटवा की! झवेरी बाजारात मिळेल. नाहीतर सोनेरी स्प्रे झिंदाबाद.

पेंटर_लालबाग
मुक्ताताई, कॉलिन खाली ठेवा. मागून ओला फडकासुद्धा नको.

मी फोर्टात वकिलांच्या नि सॉलिसिटरांच्या दारांवर हेच काम केलं, व्हायनल कापायची मशिनं येईपर्यंत. ही अक्षरं सोन्याच्या वर्खाची, आणि हा वर्ख गोंदाने नाही, जिलेटिनच्या पाण्याने बसतो. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी कोमट करायचं, त्यात औषधाच्या एक-दोन रिकाम्या कॅप्सुल विरघळवायच्या. (शाकाहारी कॅप्सुल चालत नाही, तिच्यात जिलेटिन नसतं.) हे पाणी वाळल्यावर दिसतच नाही, म्हणून समोरून सोनं आरशासारखं चमकतं. तेच अक्षर काचेच्या पुढून ऑइल साइझवर (वर्ख धरणाऱ्या तेलकट चिकट थरावर) बसवलंत तर चमक मंद येते.

पण जिलेटिन पाण्यात सुटतं. त्याला राखतो तो मागचा काळा रंग आणि त्यावरचं व्हार्निश. व्हार्निशला तडा गेला की पावसाळ्याची ओल आत शिरते, जिलेटिन फुगतं, अक्षर सुटतं. तुमचं तेच झालेलं दिसतंय. सोनं स्वतः काळं पडत नाही, म्हणजे जे टिकलंय ते चांगलंच असणार. ते खरवडणं म्हणजे शुद्ध गाढवपणा, फ्रेमवाल्याला माझं नाव सांगा.

लोंबणारं आहे तेवढंच काढा. तिथली काच खडूच्या पुडीने घासून, स्पिरिटने पुसून घ्या. बोट लागलं की तेलकट डाग राहतो, वर्ख तिथे धरत नाही. जुन्या अक्षरांच्या कडेला आधी व्हार्निशचा हात द्या, नाहीतर नवं पाणी त्यांनाही सोडवेल. मग पंखा बंद. खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावरून फिरवायचा, तेवढ्या तेलकटपणाला वर्ख चिकटतो. जिलेटिनच्या पाण्याने ओल्या केलेल्या काचेजवळ नेला की तो आपणहून उडी मारून बसतो. पूर्ण वाळला की दुसरा थर, कारण पहिल्यात बारीक भोकं राहतातच. त्यावर अक्षर उलटं काढून काळा ऑइलपेंट भरायचा, कडकडीत वाळू द्यायचा, मग बाहेरचं जास्तीचं सोनं ओल्या कापसाने पुसायचं. शेवटी व्हार्निश, अक्षराच्या कडेच्या जरासं बाहेरपर्यंत. ही बाहेरची रेघ कंटाळून सोडतात आणि पाटी तिथूनच मरते.

ठाणेकर, मिठाईवरचा वर्ख बहुतेक चांदीचा असतो, मुंबईच्या हवेत काळा पडेल. आणि स्प्रेमध्ये पितळेची पूड, ती हिरवट-तपकिरी होते.

मुगभाटची_मुक्ता
काका, खूप आभार. पण खरं सोनं म्हणजे खर्च किती? बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

पेंटर_लालबाग
वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, उजेडासमोर धरला तर पलीकडचं हिरवट दिसतं. आठ सेंटीमीटरच्या चौकोनी पानात सोनं जेमतेम १२-१५ मिलिग्रॅम. पंचवीस पानांची एक वही तुमच्या कामाला उरून पुरेल, नि त्यात अर्धा ग्रॅमही सोनं नसतं. पैसे मोजायचे ते सोनं कुटून वर्ख करणाऱ्या हाताचे. घेताना कॅरेट मात्र विचारा: २२ चं जरा फिकं, २३ च्या वरचं पिवळंधमक. जुन्या अक्षराशेजारी ठेवून रंग जुळवा, नाहीतर 'डॉ.' एकटाच नवा दिसेल.

आता जुलैत हात लावू नका. काही वाळत नाही. पाटी कोरड्या खोलीत उभी ठेवा, नवरात्रानंतर बसू. तोवर मागच्या बाजूचा फोटो टाका, व्हार्निश कुठवर फुटलंय ते बघतो.